नखासकट, नखाशिवाय

धाराशिवच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून पीएचडी करत होते आणि माझा विषय होता उंदीर. घरात शिरणारा किंवा कडब्याच्या गंजीत राहणारा नव्हे, तर माळावर आणि बांधावर बिळं करून राहणारा छोटा काटेरी उंदीर. अंग मुठीत मावेल एवढं, पाठ मातकट, पोट पांढरं. पाठीवरून बोट उलटं फिरवलं की केस टोचतात, म्हणून काटेरी.

आमच्या जिल्ह्यात या उंदरांच्या, एकमेकींना अगदी जवळच्या, दोन जाती असाव्यात, असं माझ्या मार्गदर्शक सरांना तरुणपणापासून वाटत होतं. दोन्ही शेजारी ठेवले तरी जाणकारालासुद्धा चटकन सांगता येत नाही. मागचा पाय किती लांब, अंगाच्या मानानं शेपूट केवढं, पाठीचा रंग संपून पोटाचा पांढरा कुठं सुरू होतो, यावरून अंदाज बांधायचा. सरांनी ऐन उमेदीत गावोगाव फिरून अशी मापं एका लांबट वहीत लिहून ठेवली होती. पुढं नोकरीच्या रगाड्यात ते काम राहिलं. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. "तुझ्या हातून हे पुरं होईल," असं ते म्हणायचे.

पहिल्या हिवाळ्यात मी येडशीच्या बाजूच्या टेकड्यांवर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, रीतसर परवानगी काढून पिंजरे लावले. सोबत अण्णा असायचे, माझे वडील. त्यांचं लहानपण याच माळांवर मेंढरं राखण्यात गेलं, पुढं पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कुठलं बीळ चालू आणि कुठलं सोडलेलं, हे मला कधी कळलं नाही. ते मात्र वाकून न बघताच सांगायचे. "ह्ये बघ माय, दारात बारीक खडं मांडल्यात. ह्यो आत हाय." संध्याकाळी भाकरीच्या तुकड्यांना शेंगदाण्याचं कूट चोळून पिंजऱ्यात ठेवायचं आणि फटफटायच्या सुमाराला उचलायला जायचं, असा आमचा क्रम होता. दुसऱ्या हिवाळ्यात मी अणदूरच्या शिवारात, काळ्या रानातल्या बांधांवर काम केलं. तेव्हा अण्णांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी एकटीच जायची.

दोन हिवाळ्यांचे मिळून सत्तरच्या वर उंदीर झाले. प्रत्येक उंदीर स्पिरिटच्या वेगळ्या बाटलीत, उजव्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेला. माप डाव्या पायाचं. आकडे मांडले तेव्हा मला खुर्चीवरून उठावंसं वाटलं, इतकं ते स्वच्छ दिसत होतं. येडशीच्या टेकड्यांवरचे उंदीर लांब पायाचे, अणदूरच्या काळ्या रानातले आखूड पायाचे. फरक एक मिलिमीटरच्या जरासा वर. एवढ्याशा प्राण्यात हा फरक लहान नाही. मुरमाड चढावर एक जात, काळ्या मातीत दुसरी. सरांनी माझे तक्ते दोनदा वाचले आणि चष्मा काढून पुसत बसले. मग आम्ही सगळ्या बाटल्यांवर जातीची नावं घातली, एका नियतकालिकाला लेख पाठवला आणि सहा नमुने पुण्याच्या एका संग्रहात कायमचे ठेवायला दिले. पुढं कुणाला या जाती ओळखायच्या असतील तर त्यानं आमच्या नमुन्यांशी ताडून बघाव्यात, असा त्याचा अर्थ.

प्रबंध देण्याआधी समितीपुढं एक सादरीकरण करावं लागतं. ते तीन आठवड्यांवर आलं होतं. कुणी मापांविषयी खोदून विचारलं तर हात सराईत असावा, म्हणून मी एका दुपारी प्रयोगशाळेत चार-पाच बाटल्या काढून पुन्हा मोजत बसले. प्रयोगशाळेचं सगळं बघणाऱ्या मावशी शेजारी होत्या. त्यांचं दहावीपर्यंत शिक्षण झालेलं, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पहिल्या हिवाळ्यात मी मापं ओरडून सांगायची आणि त्या वहीत लिहायच्या. दुसऱ्या वर्षी मी थेट मोबाइलमध्ये नोंदवायला लागले आणि त्यांचं ते काम सुटलं.

मी उंदराचा पाय पट्टीवर ताणून धरला होता. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, येडशीच्या उंदरांला तुम्ही नखाच्या टोकापस्तोर धरत होता. आता नख सोडून धरताय."

"नाही मावशी, मी पहिल्यापासून असंच धरते."

"आसंल. मला आपलं वाटलं." त्या बाटलीचं झाकण लावायला लागल्या. मग थांबल्या. "पन तवा एकाचं नख मोडल्यालं होतं. तुम्ही म्हणालात, ह्याचं माप लिहू नका, नख न्हाय त्याला. म्या तसं लिवलंय."

त्यांनी कपाटातून वही काढून आणली आणि पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: नख मोडले आहे, पायाचे माप नाही.

मागचा पाय मोजायच्या दोन पद्धती आहेत. टाचेपासून सगळ्यात लांब बोटाच्या टोकापर्यंत, पण काही जण नख धरून मोजतात आणि काही नख सोडून. दोन्ही चालतात, फक्त कुठली ते लिहायचं आणि शेवटपर्यंत तीच ठेवायची. मी नख धरत असते तरच मोडलेल्या नखामुळं माप अडणार होतं. त्या पहिल्या हिवाळ्यात मी सरांच्या जुन्या वहीवरून माझी माझीच शिकले होते. मधल्या उन्हाळ्यात बाहेरगावी एका प्रशिक्षणाला गेले, तिथं शिकवणाऱ्या बाईंनी माझी बोटं धरून नखाच्या मुळाशी पट्टी टेकवून दाखवली होती. हात ते शिकून आला. डोक्यानं आधीचं पुसून टाकलं असावं. त्यानंतर मी अणदूरला गेले.

या उंदराचं नख सुमारे एक मिलिमीटर असतं.

मावशी माझ्याकडं बघत होत्या. "काय चुकलं का माझं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि बाटल्या कपाटात ठेवल्या. ठेवताना एक चिठ्ठी स्पिरिटमध्ये पडली ती मी चिमट्यानं काढली, आणि मग कितीतरी वेळ बेसिनवर हात धूत उभी राहिले.

मी नऊ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. त्या नऊ दिवसांत माझं डोकं एखाद्या वकिलासारखं चाललं होतं. फरक एक मिलिमीटरहून किंचित जास्त आहे, म्हणजे नख वजा केलं तरी काहीतरी उरतंच. शेपटांच्या मापात नखाचा प्रश्न येत नाही. पोटाचा रंग आहेच. मग तेच डोकं उलटं फिरायचं. शेपटाचा फरक इतका कमी होता की पायाचं माप नसतं तर मी त्याला फरक म्हटलं असतं का? आणि रंग? येडशीचे उंदीर एक वर्ष जास्त स्पिरिटमध्ये होते, रंग उतरणारच. वर्गात मी फळ्यावर बेडकाची पचनसंस्था काढता काढता यकृत चुकीच्या बाजूला काढलं, एका मुलीनं हळूच सांगितलं तेव्हा कळलं. सरांचा फोन आला की मी तो वाजू द्यायची आणि नंतर 'वर्गात होते' असा मेसेज करायची.

अण्णांचाही फोन आला. "त्या तुझ्या कार्यक्रमाला आमच्यासारख्याला बसू देत्यात का?"

"देतात की. मागं बसायचं."

"मग म्या येतो. धोतर-सदरा धुऊन ठिवलाय." मग जरा थांबून, "आपल्या इकडं समद्यांला सांगितलंय म्या, लेक उंदराची जात सांगती म्हणून."

दहाव्या दिवशी मी मावशींना सगळं सांगितलं. सरांच्या आधी त्यांना सांगितलं, कारण मला सगळे उंदीर पुन्हा मोजायचे होते आणि एकटीनं मोजायची भीती वाटत होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही चिठ्ठी बघूच नका. म्या बाटल्या मिसळून देते, चिठ्ठीवर कागद गुंडाळते. कुठला हाय ते कळलं की हात तिकडंच जातो मानसाचा. माझी आई वाटे घालायची ना, तवा डोळं मिटून उचला म्हणायची."

चार दिवस कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघी प्रयोगशाळेत बसत होतो. त्या कागद गुंडाळलेला उंदीर ट्रेमध्ये ठेवायच्या, मी नख सोडून पाय मोजायची, त्या लिहायच्या. मी मधेच अंदाज करायचा प्रयत्न करायची, हा टेकडीवरचा असेल, हा बांधावरचा, आणि अंदाज आला की मुद्दाम परत मोजायची. दारावरून कुणी गेलं तरी माझी पाठ ताठ व्हायची. चौथ्या दिवशी कागद सोडले आणि आकडे लावले. येडशी आणि अणदूर, दोन्हीकडच्या पायांत काही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना निवृत्त व्हायला थोडेच महिने उरले होते, कपाटं रिकामी करायला काढली होती, जमिनीवर पुस्तकांचे ढीग होते. मी दोन्ही तक्ते त्यांच्यासमोर ठेवले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

सरांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बोटानं ओळी ताडून पाहिल्या. मग म्हणाले, "शेपूट आणि रंग आहे ना?"

"आहे, पण फार थोडा आहे, सर. आणि रंगावर माझा विश्वास नाही."

"पुण्याला दिलेले?"

"त्यांच्या चिठ्ठ्यांवरही तीच मापं आहेत."

"हे तुला आत्ता, सादरीकरणाच्या तोंडावर दिसावं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी माझ्याकडं न बघता ते विचारलं. "तू जा. मला जरा विचार करू दे."

तीन दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. व्हरांड्यात समोरून आले तरी मान हलवून पुढं गेले. त्या तीन दिवसांत मी राजीनाम्याचा मजकूरसुद्धा मनात जुळवला. खरं म्हणजे पीएचडी आणि नोकरी यांचा तसा संबंध नव्हता, पण त्या वेळी मला सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं वाटत होतं.

चौथ्या दिवशी ते स्वतःच प्रयोगशाळेत आले. हातात त्यांची ती लांबट वही होती. ती माझ्यासमोर उघडून त्यांनी पानं उलटली. गावांची नावं, पायांची मापं, शेपटांची मापं, शाई तपकिरी झालेली.

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली मी," ते म्हणाले. "नख धरलं की सोडलं, कुठंच लिहिलेलं नाही. आणि मला आठवत नाही." खुर्चीवर बसून त्यांनी वही मिटली. "तू हिच्यावरनंच शिकलीस ना?"

मी हो म्हटलं. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. माझे दोन हिवाळे गेले होते, त्यांची तर सगळी उमेद त्या वहीत होती.

"कवट्या काढ," ते म्हणाले. "पायाचा नाद सोड. टाळूकडं बघू."

उंदराच्या टाळूत, पुढच्या दातांच्या मागं, दोन लांबट फटी असतात. या दोन जातींपैकी एकीत त्या फटी मागं पहिल्या दाढांच्या मधे शिरतात, दुसरीत दाढांच्या अलीकडंच संपतात. हे पुस्तकात होतंच. पण कवटी काढायची म्हणजे नमुना उघडायचा, वेळखाऊ काम, आणि पायाचं माप इतकं स्वच्छ होतं की आम्हाला गरज वाटली नव्हती. आता मी एकेक डोकं कोमट पाण्यात भिजवून, बारीक ब्रशनं मांस सोडवून कवट्या साफ करायला लागले. अंगठ्याच्या पेराएवढी कवटी, जोर जरा जास्त झाला की तडकते. पहिल्या दिवशी दोन तडकल्या. त्यानंतर मी ब्रश धरण्याआधी मनगट टेबलावर टेकवून श्वास सोडायची.

सादरीकरण पुढं ढकलावं म्हणून मी अर्ज दिला. कारण लिहिताना तीन कागद फाडले. 'मापनपद्धतीत आढळलेली विसंगती' असं लिहून पाहिलं, ते फार सोज्वळ वाटलं. शेवटी लिहिलं की माझ्याकडून मापनात चूक झाली आहे आणि ती दुरुस्त करायला वेळ हवा आहे. नियतकालिकालाही लेख मागं घेत असल्याचं कळवलं. पुण्याला पत्र लिहून विनंती केली की आमच्या सहाही नमुन्यांच्या कवट्या तपासाव्यात, तोवर चिठ्ठ्यांवरची जात ग्राह्य धरू नये.

राहिले अण्णा. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून रविवारी गावी गेले. ते ओसरीत बसले होते. मी सोप्या शब्दांत सांगितलं की मी आधी एका रीतीनं मोजलं आणि नंतर दुसऱ्या, त्यामुळं कार्यक्रम पुढं गेलाय, वर्ष तरी लागेल.

ते जमिनीकडं बघत ऐकत होते. मग अवघडून त्यांनी विचारलं, "बिळं म्या दावली हुती. ती चुकली का?"

"नाही अण्णा. बिळं सगळी बरोबर होती."

"नक्की?"

"नक्की. चूक माझ्या हातानं मापताना झाली."

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटायला वेळ लागला असावा. संध्याकाळी मी निघताना त्यांनी पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

कवट्यांचं काम सात महिने चाललं. सूक्ष्मदर्शकाखाली बघताना आम्ही मावशींचीच रीत ठेवली. कागद गुंडाळलेले नंबर, आधी मी बघायचं, मग सरांनी स्वतंत्र बघायचं, आणि दोघांनी एकमेकांना न विचारता लिहायचं. सर मधेच निवृत्त झाले, तरी रोज अकराला यायचे. पहिल्याच आठवड्यात दिसायला लागलं की फटी दोन प्रकारच्या आहेत, मधलं असं काही नाही. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र धडकी भरली की आता आणखी काय निघेल. सगळे कागद सोडले तेव्हा ते निघालं. अणदूरच्या काळ्या रानात एकच जात होती. येडशीच्या टेकड्यांवर दोन्ही होत्या, एकाच चढावर, काही तर एकाच सकाळी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत सापडलेल्या. जिल्ह्यात दोन जाती आहेत हे सरांचं म्हणणं खरं ठरलं. पण टेकडीवर एक आणि काळ्या मातीत दुसरी हे माझं म्हणणं साफ चूक होतं, आणि बाहेरून बघून कुठला कुठला हे सांगता येतं हा आम्हा दोघांचाही समज चूक होता.

पुण्याहून उत्तर यायला दोन महिने लागले. त्यांनी कवट्यांचे फोटो पाठवले. अणदूरच्या तिघांची नावं बरोबर निघाली, पण येडशीच्या तिघांपैकी दोघांवर आम्ही भलत्याच जातीचं नाव घातलेलं होतं. तिसऱ्याची कवटी साफ करताना फुटली आणि टाळूचा भाग हाती लागला नाही. त्याच्या चिठ्ठीवर आता 'जात अनिश्चित' असं आहे.

सरांनी त्यांची वही मला देऊन टाकली. घरी नेऊन उघडली तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: पद्धत माहीत नाही. सगळ्या पानांवर, एकही न सोडता. ते त्यांनी कधी बसून लिहिलं, मी विचारलं नाही.

सादरीकरण पुढच्या वर्षी झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पायाच्या मापांचा तक्ता मी का ठेवला आहे, जर ती मापं निरुपयोगी आहेत, असं विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणी हीच चूक करू नये म्हणून. त्यांनी काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "म्हणजे जिवंत उंदीर हातात दिला तर तुम्हाला जात सांगता येणार नाही?"

"येडशीचा असेल तर नाही," मी म्हटलं. "पाय बघून तर नाहीच."

त्यांनी पुन्हा लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. शेवटच्या रांगेत सर आणि अण्णा शेजारी बसले होते, अण्णा ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "झालं का पास?"

"कळवतील."

"लई इचारत हुता त्यो."

"विचारायलाच येतात ते."

सादरीकरणाचा निकाल लवकर आला, पण प्रबंध दिल्यावर परीक्षकांचे अहवाल यायला बरेच महिने लागले. त्या काळात मी पोस्टमनला टाळायची आणि मेल मात्र तासातासाला उघडायची. एका सकाळी वर्ग चालू असताना मेल आला. मी फोन पालथा ठेवला, तास पूर्ण शिकवला, मुली गेल्यावर उघडला. प्रबंध किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य झाला होता. दुरुस्त्यांची यादी मी तिथंच उभ्यानं तीनदा वाचली. पहिल्या दोन वेळी मला वाटत होतं की खाली कुठंतरी नकार लिहिलेला असेल आणि तो माझ्या नजरेतून सुटतोय.